वीजनिर्मितीत वर्चस्व कोणाचे, हे कसे तपासावे

सोलापुरात विजेचे बिल वाढले की यंत्रमागधारकांच्या बैठकीत मक्तेदारीचा विषय हमखास निघतो. पण मक्तेदारी नेमकी कोणाची आणि कोणत्या बाजारातली, हे ठरवल्याशिवाय तक्रारीला वजन येत नाही. म्हणून आधी बाजाराची सीमा आखावी. हातात पडते ते महावितरणचे बिल, म्हणजे वितरणाचा बाजार. निर्मितीचा बाजार त्याच्या मागे असतो आणि २००३ च्या विद्युत कायद्याने औष्णिक निर्मिती परवानामुक्त केल्यापासून त्यात सरकारी आणि खासगी अशा अनेक कंपन्या आहेत.

मग वाटा मोजावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरमहा आकडेवारी प्रसिद्ध करते. तिच्यातील स्थापित क्षमता (संच जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात) आणि प्रत्यक्ष निर्मिती हे दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीच्या समूहाकडे देशाच्या क्षमतेचा साधारण सहावा हिस्सा असला, तरी निर्मितीत त्याचा वाटा एक चतुर्थांशाच्या आसपास भरतो, कारण सूर्य मावळल्यावरही कोळशाचे संच चालूच राहतात.

मात्र माझ्या मते खरी कसोटी टक्केवारीत नसून ऐन गरजेच्या तासात आहे. समजा, संध्याकाळी सात वाजता मागणी ९०० मेगावॅट आहे, उपलब्ध वीज १,००० मेगावॅट आहे आणि त्यांतले १५० मेगावॅट एका कंपनीचे आहेत. ती कंपनी वगळली तर ८५० उरतात आणि ५० मेगावॅटची तूट पडते. म्हणजे अवघा १५ टक्के वाटा असूनही त्या तासापुरता भाव तिच्या हातात जातो. दुपारी मागणी ७०० वर असताना तिचे काहीच चालत नाही. त्यामुळे वर्षाची सरासरी काढून समाधान मानू नये. २०२२ च्या उन्हाळ्यात वीज एक्स्चेंजवरील, म्हणजे विजेच्या रोजच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातील, भाव भडकले, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाला युनिटला १२ रुपयांची कमाल मर्यादा घालावी लागली होती.

यानंतर करार पाहावेत. फताटेवाडी-आहेरवाडी येथील एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या दाराशी असला, तरी त्याची वीज महाराष्ट्रासह इतर राज्यांना दीर्घकालीन कराराने बांधलेली आहे आणि तिचा दर केंद्रीय आयोग ठरवतो. अशी कंपनी मनमानी भाव लावू शकत नाही. परंतु प्रकल्प उपलब्ध असेल तर वीज उचलली नाही तरी स्थिर आकार, म्हणजे प्रकल्प उभारणीच्या खर्चापोटी ठरलेली रक्कम, द्यावाच लागतो, आणि त्या ओझ्यामुळे स्वस्त विजेच्या नव्या उत्पादकाला जागा मिळणे अवघड होते. स्पर्धा इथेच अडते, असे मला वाटते.

इंधनाकडेही लक्ष द्यावे. कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीविरुद्ध महानिर्मितीने (राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीने) केलेल्या तक्रारीवर वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये १,७७३ कोटींचा दंड ठोठावला. फेरविचारानंतर २०१७ मध्ये तो ५९१ कोटी झाला.

वर्चस्व असणे हा गुन्हा नाही, त्याचा गैरवापर हा आहे. स्पर्धा कायद्याचे कलम ४ आणि विद्युत कायद्याचे कलम ६० त्यासाठीच आहेत. राज्य वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी लागली की याचिकेतील वीजखरेदीचा तक्ता काढावा, प्रत्येक स्रोताचा स्थिर आणि बदलता खर्च वेगळा लिहावा, आणि ज्या प्रकल्पाची वीज कमी उचलूनही पैसे पूर्ण गेले आहेत, त्याचे नाव घेऊन मुदतीत लेखी हरकत नोंदवावी.