टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह कायदा कुठे मोडतो ते कसं पकडायचं

अमेरिकन पोलीस सिरीज बघताना आधी दाराकडे लक्ष ठेवा, हिरो लाथ मारून आत घुसला तर वॉरंट होतं का, नसेल तर आत कुणाचा जीव धोक्यात होता का, कारण तसं काहीच नसेल तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो निकालानंतर असा मिळवलेला पुरावा सहसा कोर्टात टिकत नाही. म्हणजे केस गेली बोंबलत! मग चौकशीची खोली. अटकेतल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी गप्प राहायचा आणि वकिलाचा हक्क सांगावा लागतो, हे १९६६ पासून. मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब तर बादच. खोटं बोलून फसवणं मात्र तिथे बऱ्याचदा चालतं, त्यामुळे "तुझा पार्टनर सगळं बोललाय" ऐकून लगेच बेकायदा म्हणू नका. आणि हो, कायदा मोडल्यावर बॉस हिरोवर नुसता ओरडला तर ती त्याच्यावरची कारवाई धरायची नाही.