आइंडहोवनहून म्युनिकला, गाडीसकट

नेदरलँड्स सोडून गाडीसकट जर्मनीत राहायला येताय? गाडी राहू दे, आधी पाकिटातला परवाना काढा. नेदरलँड्समध्ये परदेशी कुशल नोकरदारांसाठीच्या ३० टक्के करसवलतीवर आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी भारतीय परवाना देऊन, परीक्षा न देताच डच परवाना घेतलेला असतो. त्याच्या मागच्या बाजूला १२व्या रकान्यात ७० हा आकडा आणि भारताचा उल्लेख दिसला, तर जर्मनीत राहायला आल्यावर तो मानला जात नाही. लेखी आणि गाडी चालवून, दोन्ही परीक्षा इथे नव्याने द्याव्या लागतात. डच परीक्षा देऊनच परवाना मिळवला असेल तर निवांत राहा.

मग कागद. सामान बांधायच्या आधी डच विमा कंपनीकडून क्लेम न घेतलेल्या वर्षांचं पत्र लेखी मागून घ्या. त्यावर जर्मन हप्ता बराच खाली येऊ शकतो. गाडीचं सीओसी, म्हणजे ती युरोपीय नियमांत बसते असा उत्पादकाचा दाखला, कागदांत नसेल तर उत्पादकाकडून आताच मागवा, कारण यायला वेळ लागतो. मूळ नोंदणीपत्र आणि खरेदीची पावती हातातल्या बॅगेत ठेवा, ट्रकमध्ये नको. डच नोंदणी घाईने रद्द करू नका. ती गेली की जुन्या पाट्यांवर गाडी चालवता येत नाही आणि ट्रान्झिट, म्हणजे तात्पुरत्या नंबरचा खटाटोप मागे लागतो. बीपीएम, म्हणजे गाडीच्या पहिल्या नोंदणीवेळी भरलेल्या डच कराच्या परताव्याचा अर्ज मात्र नोंदणी संपल्यापासून १३ आठवड्यांत करा.

म्युनिकला पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. ती झाल्याशिवाय गाडीचं काही हलत नाही. ग्रुपवर कुणीतरी हमखास सांगतं की परदेशी नंबर वर्षभर चालतो. ती सवलत तात्पुरत्या आलेल्या गाडीला आहे. तुम्ही इथे घर केलंत की विनाविलंब नोंदणी करायची. विमा ठरला की विम्याचा पुरावा म्हणून ईव्हीबी नावाचा सात अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळतो. तो, पासपोर्ट, पत्त्याचा दाखला, टीयूव्हीसारख्या वाहनतपासणी संस्थेचा अहवाल, वाहनकरासाठी बँकेतून परस्पर पैसे कापायची संमती आणि डच पाट्या, एवढं घेऊन इथल्या आरटीओत जायचं. वेळ आधी ऑनलाइन घ्या. कर कस्टम खातं वसूल करतं, हे ऐकून मी तरी दोनदा विचारलं होतं.

नंबरात आपली आद्याक्षरं हवी असतील तर थोडे पैसे भरून मिळतात. पण एसएस, एसए, एनएस, एचजे आणि केझेड या अक्षरांच्या जोड्या नाझी काळाच्या संदर्भामुळे देत नाहीत. संतोष सावंत, संध्या आपटे अशा नावांनी दुसरं काहीतरी शोधावं. पाट्या आरटीओजवळच्या दुकानात पंधरा मिनिटांत छापून मिळतात.

काचेवर हिरवं पर्यावरण स्टिकर लावा, नाहीतर शहरात शिरल्यास १०० युरो दंड. डिकीत प्रथमोपचार पेटी, त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट ठेवा. गाडी कधी लावली ती वेळ दाखवणारी निळी पार्किंगची तबकडी स्वस्तात मिळते, तीही घ्या. टायरचं मात्र मनावर घ्या: बर्फ किंवा घसरण असताना डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर लागतात, नुसतं एम+एस (चिखल-बर्फाचं जुनं चिन्ह) ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. दंड ६० युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या वहीत, म्हणजे चालकांच्या गुन्ह्यांच्या सरकारी नोंदीत, एक दंडगुण. इथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर असं धरतात. गॅरेजची वेळ सप्टेंबरातच घेऊन ठेवा.