बाबांचे जुने चावीचे घड्याळ पुन्हा चालू करताना

रुमालात गुंडाळून लोखंडी पेटीच्या तळाशी ठेवलेले चावीचे घड्याळ मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत निघते. आमच्याकडे लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ द्यायची रीत होती, आणि घड्याळ बहुधा एचएमटीचे असे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बेंगळुरूत हा कारखाना सुरू झाला. २०१६ साली घड्याळांचे काम बंद करायचा निर्णय झाला. म्हणजे आता सुटा भाग हवा असेल तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी बंद घड्याळातून काढलेला असतो. हातातली मूळ वस्तू बिघडवली तर तशी पुन्हा मिळणे कठीण, हे धरूनच कामाला लागा.

गेल्या काही वर्षांत नातेवाईक आणि शेजाऱ्यांची तीसेक घड्याळे मी चालू केली किंवा करून आणली. त्यावरून माझे मत पक्के झाले आहे: मशीन नव्यासारखे चालावे, चेहरा मात्र जुनाच राहावा. बिघाड होतात ते बहुतेक याच्या उलट केल्याने.

सुरुवात फोटोंनी करा. समोरून, मागून, चावीच्या बाजूने. चावी जबरदस्तीने फिरवू नका. वर्षानुवर्षे पडून असलेल्या घड्याळातले तेल वाळून चिकट झालेले असते. हलवल्यावर क्षणभर टिकटिक करून थांबले तर दोष बहुधा वाळलेल्या तेलाचाच असतो. 'चावी जास्त दिली म्हणून बंद पडले' असे प्रत्येक घरात ऐकू येते. ते खरे नाही. पूर्ण चावी दिलेले घड्याळ त्या चावीने बिघडत नाही, ते आतल्या घाणीने अडते. आमच्याकडे तर मे महिन्यात चाळिशीच्या वर जाणारा पारा, काळ्या रानाची बारीक धूळ आणि कष्टाचा घाम, हे तिन्ही घड्याळाचे वैरी.

खोबरेल तेलाचा थेंब, शिलाई मशीनचे तेल, तांदळाच्या डब्यात ठेवणे हे सगळे सल्ले विसरा. चुकीचे तेल पसरते, धूळ धरते आणि पुढच्या कारागिराचे काम दुप्पट करते. पाणी गेले असेल तर त्याच दिवशी उघडून घ्या. तुम्ही तांदूळ बदलत बसाल तोवर आतल्या पोलादाला गंज धरलेला असतो.

मशीनची सर्व्हिसिंग शिकलेल्या माणसाकडूनच करा. मशीन सुटे करायचे, धुवायचे, नेमक्या ठिकाणी नेमके तेल द्यायचे. हे काम यूट्यूब बघून पहिल्याच दिवशी वडिलांच्या घड्याळावर करू नये. लातूरच्या गंजगोलाईत, संभाजीनगरच्या गुलमंडीत, अशा जुन्या पेठांत चौकशी करा आणि चावीची घड्याळे रोज उघडणारा माणूस गाठा. फक्त सेल बदलणाऱ्याकडे ती देऊ नका. घड्याळ वेगाने पुढे पळत असेल तर आधी होकायंत्राजवळ धरून बघा. सुई हलली तर आतल्या स्प्रिंगला चुंबकत्व लागले आहे. डीमॅग्नेटायझरवर ते काही सेकंदांत जाते.

आता तबकडी. इथेच माझे हात पोळले आहेत, म्हणून इथे थांबून सांगतो.

माझ्या वडिलांच्या घड्याळाच्या तबकडीवर देवनागरीत 'जनता' हे मॉडेलचे नाव लिहिलेले होते. पिवळट डाग पडले होते. मी कापसाच्या बोळ्याला जरासे पाणी लावले आणि हलकेच पुसले. डाग होता तसाच राहिला, 'जनता'ची शिरोरेघ मात्र कापसावर आली. आज त्या घड्याळात 'जनता' डोक्यावर रेघ नसलेलीच आहे. आईने बघितले तेव्हा ती काही बोलली नाही, आणि मला त्याचेच जास्त लागले.

असे होते कारण तबकडीवरचा छापील मजकूर अतिशय पातळ असतो. जुन्या लाखेची, म्हणजे तबकडीवरच्या पारदर्शक थराची, पकड सुटली की तो नुसत्या ओलाव्यानेही निघतो. म्हणून पाणी, साबण, लिंबू, बटाट्याची फोड, खायचा सोडा यांतले काहीही लावायचे नाही. तबकडीवरचा पिवळेपणा बहुतेक वेळा लाखेचाच असतो आणि तो लाखेबरोबरच जातो, म्हणजे अक्षरांसकट.

चालते ते एवढेच. काटे आणि तबकडी कारागिराकडूनच काढून घ्या. तबकडीच्या मागे तांब्याचे दोन बारीक पाय असतात, ते मोडले की ती पुन्हा नीट बसवणे अवघड होते. मग कॅमेऱ्याची काच साफ करायच्या रबरी फुग्याने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. त्यानंतर मऊ केसांचा कोरडा ब्रश. तरीही कचरा राहिला तर घड्याळवाल्यांकडे रोडिको नावाची मऊ चिकट लगदी असते, ती दाबून उचलायची, घासायची नाही. प्रत्येक वेळी आधी अगदी कडेला करून बघा, जिथे केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची, कड तबकडी झाकते. लगदीवर रंगाचा कण जरी दिसला तरी तिथेच थांबा. राहिलेला डाग घड्याळाच्या वयाचा आहे, तो राहू द्या.

साधारण १९७० च्या आधीचे विदेशी घड्याळ असेल आणि आकड्यांवर चमकणारा जुना लेप असेल तर ब्रशही लावू नका. त्या काळी रेडियम वापरत, त्याची पूड श्वासात जाऊ नये.

आणि 'डायल नवी करून देतो' म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. माझ्या मावशीचे घड्याळ एका दुकानात नुसते सर्व्हिसिंगला दिले होते, परत आले ते नव्या रंगाच्या तबकडीसह. आकडे जाड, मधली अक्षरे भलतीच. मावशी म्हणाली, "हे माझं नव्हं." जुना रंग तोवर खरवडून गेला होता. तेव्हापासून मी पावतीवर लिहून घेतो: डायल, काटे, केस यांना हात लावायचा नाही, बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत परत द्यायचा. कारागिराला राग येत नाही. चांगला कारागीर उलट खूश होतो.

पॉलिशचे तेच. अनेक जुन्या केसेस पितळेच्या, वर क्रोमचा किंवा सोन्याचा पातळ मुलामा. बफला, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाला, लावली की खालचे पितळ दिसू लागते. किल्लारीकडच्या एका बाईंनी नवऱ्याचे घड्याळ आणले होते, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातून काढलेले. केसला एक खोल खाच होती. मुलाला ती घालवायची होती. बाई नको म्हणाल्या, मीही नको म्हणालो. आतले मशीन धुऊन दिले, खाच आहे तशी आहे.

काच मात्र खुशाल चमकवा. ती बहुधा प्लास्टिकची असते. पांढरी टूथपेस्ट किंवा ब्रासो मऊ कापडावर घेऊन पाच मिनिटे गोल घासा, बारीक ओरखडे जातात. तडा असेल तर काच बदला.

परत आल्यावर आठवडाभर रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, अडेपर्यंत आणि तिथे थांबा. पूर्ण चावीवर घड्याळ साधारण दीड दिवस चालले पाहिजे. दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक मला चालतो. पाच मिनिटांचा असेल तर परत न्या. हात धुताना काढून ठेवा, मागे 'वॉटरप्रूफ' कोरलेले असले तरी. आतली रबरी कडी कधीच कडक झालेली असते.

पट्टा शेवटी. पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या दोन शिंगांमधले अंतर मोजून घ्या, जुन्या पुरुषी घड्याळांत ते बहुधा १६ ते १८ मिलिमीटर असते. जुना पट्टा घामाने सडलेला असला तर घालू नका, पण टाकूही नका. वडिलांच्या पट्ट्याला कारखान्याची भोके सहा आहेत. सातवे त्यांनी दाभणाने स्वतः पाडले होते, आजारपणात मनगट बारीक झाल्यावर, थोडे तिरके. तो पट्टा मी कागदात गुंडाळून घड्याळाच्या डबीतच ठेवला आहे.