सिगारेटची जुनी जाहिरात वर्गात कशी वाचायची

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीला इतिहास शिकवते. सडलेल्या तोंडाचं चित्र दाखवून मुलं घाबरत नाहीत, गाड्यावरच्या पुड्यांवर रोज तेच बघतात. म्हणून मी जाहिराती दाखवते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचा सिगारेटच्या जुन्या जाहिरातींचा संग्रह नेटवर फुकट बघता येतो. त्यातून मेन्थॉलच्या, म्हणजे पुदिन्यासारखा गारवा देणाऱ्या सिगारेटींच्या दोन जाहिराती काढा, एकीत गोरं जोडपं, एकीत काळं. ब्रँडच्या नावावर कागद चिकटवा. तब्येतीचं काही विचारू नका, "हे कोणाशी बोलताहेत?" एवढंच विचारा. गेल्या वर्षी एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्यात धूर कमी नि थाट जास्त."

मग प्रत्येकाला पेपरमिंटची गोळी द्या. चघळून तोंडाने श्वास आत ओढायला सांगा. घसा गार पडतो ना? मेन्थॉल तेच करतं, धुराचा ठसका झाकतं. नवशिक्याला ओढणं सोपं जातं आणि पुढे सुटणं अवघड होतं.

आता इतिहास. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या धूम्रपान करणाऱ्यांत मेन्थॉलवाले दहा टक्क्यांहून कमी होते, आज सुमारे ८५ टक्के आहेत. आपोआप झालं नाही ते. काळ्या वाचकांच्या 'इबनी' मासिकात पानंच्या पानं जाहिराती आल्या, काळ्या वस्त्यांत व्हॅनमधून फुकट सिगारेटी वाटल्या, 'कूल' ब्रँडच्या नावाने जाझ महोत्सव झाले. नागरी हक्कांच्या संस्थांना देणग्याही गेल्या. इथे मुलं गोंधळतात, देणगी वाईट कशी? मी विचारते, जत्रेतल्या नाटकाला ज्याने पैसे दिले त्याच्याविरुद्ध नाटक मंडळातलं कोण बोलेल? वर्ग गप्प होतो.

सगळ्यात जास्त वेळ 'अपटाउन'ला द्या. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनी ही सिगारेट फेब्रुवारी १९९० मध्ये फिलाडेल्फियात उतरवणार होती, उघडउघड काळ्या गिऱ्हाइकांसाठी. कंपनीच्या पाहणीत आढळलं होतं की त्यांच्यातले बरेच जण पाकीट खालून फोडतात. म्हणून पाकिटात सिगारेटी उलट्या भरायचं ठरलं. हे सांगताना खडूची पेटी खालून उघडून दाखवा. कोण पाकीट कसं फोडतो इथवर बघत बसलेला माणूस मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. शहरातल्या लोकांनी विरोध केला. १८ जानेवारीला अमेरिकेचे आरोग्यमंत्री लुईस सुलिव्हन यांनी, जे स्वतः काळे, जाहीर भाषणात कंपनीला झोडपलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीने बेत गुंडाळला.

'अमेरिका लांब आहे' असं कोणी म्हणतंच. तेव्हा दोरी काढा. आपल्याकडच्या २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर. फाटकापासून मोजत निघा. गोळ्या-बिस्किटांची बरणी आणि सिगारेटची पाकिटं गाड्यावर किती जवळजवळ मांडलीत, तेही वहीत लिहायला सांगा.

मात्र गाडा कोणाचा ते आधी चौकशी करून ठेवा. मी केली नव्हती. आमच्या दोरीत त्रेसष्ट मीटरवर आलेला गाडा वर्गातल्याच एका मुलीच्या पप्पांचा निघाला, आणि दोरीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं.