गांडुळांसाठी बागेची तयारी, आणि कुटार आधी

दोन वर्षांआधी मार्चमध्ये काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत पाच किलो गांडुळं सोडली, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपल्यावर खोदून बघितलं तर एक नाही. तेव्हा कामाला येईल म्हणून लिहितोय.

आधी कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला सोयाबीनचा भुसा, माती झाकायला. सोयाबीनची मळणी झाली की ऑक्टोबरमध्येच उचलून ताडपत्रीखाली ठेवा, नंतर ते जनावरांना जातं नाहीतर पेटवलं जातं, मार्चमध्ये मी गावभर फिरलो, मिळालं नाही, आणि तिथेच सगळं गेलं. काळी माती उघडी राहिली की उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि गांडूळ कातडीने श्वास घेतं, कातडी सुकली की संपलं.

दुसरं, कोणतं गांडूळ ते समजून घ्या. विकत मिळतं ते लाल, आयसेनिया फेटिडा, शेणात अन् कुजलेल्या पाल्यात राहणारं, त्याला नुसत्या मातीत सोडू नका, मी तेच केलं होतं. गांडूळखतासाठी त्याचा बेड झाडाच्या दाट सावलीत करा, टिनाच्या शेडखाली आपल्याकडच्या मे महिन्यात ते भाजून निघतं. आफ्रिकन युड्रिलस उष्णता जरा जास्त सोसतं पण डिसेंबरच्या थंडीत मंदावतं. शेण पंधरा-वीस दिवस जुनं, ताजं आतून तापतं.

बागेसाठी गांडूळ विकत घ्यायचंच नाही! आपल्या मातीत असतातच, काही मुळांजवळ माती खात फिरतात, काही लॅम्पिटो मॉरिटीसारखी उभी बिळं करून वरचा पाला आत ओढतात. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, गवताखाली खोदून बघा. त्यांना फक्त वर झाकण आणि खायला पाला पाहिजे, म्हणजे परत कुटारच. चार बोटं जाड टाका, पण बुंध्यापासून हातभर दूर, नाहीतर डिंक्याला, म्हणजे बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रण. आणि आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं) चालू असताना टाकू नका, खाली ओल राहते अन् ताण नीट बसत नाही. जानेवारीत ताण तोडून पाणी दिलं की लगेच टाका, उद्या-परवा करत बसू नका.

रोटाव्हेटर बंद, उभी बिळं एका फेरीत जातात. दाणेदार कीटकनाशक तर नाहीच. बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद अन् चुन्याची) लावणं भाग आहे, पण उरलेली बादली झाडाखाली ओतू नका, मोरचुदातलं तांबं मातीतून जात नाही, वर्षानुवर्षं साचतं आणि गांडुळं ती जागा सोडतात.

पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून चर. श्रावणात फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा करून त्यातली गांडुळं मोजा, आकडा लिहून ठेवा.

कुटार पावसात कुजून पातळ होतं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये एक ट्रॉली जास्तीचीच भरा.