निर्णय घ्या आणि तो लिहा: लहान रुग्णालयांसाठी नीतिविचार आणि दिवाणी जबाबदारी

रुग्ण दगावला किंवा ऑपरेशन फसलं, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. नुकसानभरपाई मागणाऱ्याला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टरवर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, त्यात कसूर झाली, नुकसान झालं, आणि ते त्या कसुरीमुळेच झालं. यातली एक कडी तुटली तरी दावा पडतो.

कर्तव्य नेमकं कशाचं, याचं उत्तर आपल्याच एका जुन्या प्रकरणात आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं आणि त्याला पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता, मॉर्फियाच्या इंजेक्शनवर, माणसं लावून जोराने पाय ओढत हाड बसवलं आणि तो शॉकने त्याच दिवशी गेला, असं न्यायालयांनी ग्राह्य धरलं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात (जोशी विरुद्ध गोडबोले) डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. पहिली दोन चक्क निर्णयाची कर्तव्यं आहेत. डॉक्टर निर्णय विचार करूनच घेतो, पण विचार डोक्यात राहतो आणि केसपेपरवर उतरतं फक्त ‘सीएसटी’, म्हणजे चालू उपचार सुरू ठेवा. तीन वर्षांनी ग्राहक आयोगासमोर तेवढंच उरलेलं असतं.

विचाराच्या पद्धती, कामापुरत्या

परिणामवाद विचारतो: कोणत्या पर्यायातून एकूण भलं जास्त होईल? कर्तव्यवाद विचारतो: परिणाम चांगला होणार असला तरी मी करू नये असं यात काही आहे का? खोटं बोलणं, न विचारता शरीराला हात लावणं ही त्याची नेहमीची उत्तरं. सद्गुणांवर भर देणारी पद्धत विचारते: समंजस आणि प्रामाणिक डॉक्टर या जागी कसा वागला असता? ही तिसरी पद्धत भोंगळ वाटते खरी, पण निष्काळजीपणाची कायदेशीर कसोटी तिच्या जवळची आहे. सर्वसाधारण कुशल डॉक्टर वागला असता तसं वागलात का, एवढंच जेकब मॅथ्यू खटल्याने (२००५) पाहायला सांगितलं. दोन मान्य उपचारांपैकी एक निवडला आणि तो लागू पडला नाही, तर ती कसूर नव्हे.

चौथी पद्धत चार तत्त्वांची: रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, अपाय टाळणं आणि न्याय. अभ्यासक्रमात हीच शिकवतात. तिची अडचण अशी की तत्त्वं एकमेकांना भिडली की कोणतं वरचढ, हे ती सांगत नाही.

बहुतेक सर्जन मनातून परिणामवादी असतात. संमतीच्या प्रश्नात मात्र न्यायालय कर्तव्यवादाच्या बाजूने उभं राहतं. समीरा कोहली खटल्यात (२००८) संमती होती निदानासाठीच्या लॅपरोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने पोट आतून तपासण्याची. रुग्ण भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढले. परिणामवादी हिशेब सोपा होता: आजार गंभीर आहे, पोट उघडायचंच आहे, तर दुसरं ऑपरेशन कशाला? न्यायालयाने डॉक्टरांचा हेतू चांगला मानला, तरी संमतीविना शस्त्रक्रिया बेकायदा ठरवली. रुग्ण सज्ञान होती, काही तासांत शुद्धीवर येणार होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. मग आईला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. डॉक्टरांची फी गेली आणि वर २५,००० रुपयांची भरपाई बसली. रक्कम लहान आहे, कारण उपचाराच्या गरजेबद्दल न्यायालयाने डॉक्टरांना बरंच झुकतं माप दिलं. तत्त्व मात्र आज प्रत्येक तक्रारीत उद्धृत होतं.

चार चौकोनांची नोंद

कठीण केसमध्ये कागदावर चार चौकोन आखा: वैद्यकीय गरज, रुग्णाची इच्छा, उपचारानंतरचं जगणं, आणि भोवतालची परिस्थिती (पैसा, नातेवाईक, कायदा, उपलब्ध सोय). प्रत्येकात आधी वस्तुस्थिती लिहा, मत नंतर. दहा मिनिटं लागतात. क्रम बदलू नका. आपल्याकडे सगळं चौथ्या चौकोनापासून सुरू होतं, ‘घरचे काय म्हणतात’ इथून, आणि दुसरा रिकामाच राहतो.

समजा, ६२ वर्षांचा मधुमेही शेतकरी, उजव्या पायाला ओलं गँगरीन. तुमचा सल्ला पाय गुडघ्याखाली काढण्याचा. रुग्ण नाही म्हणतो. मुलगा म्हणतो, “डॉक्टरसाहेब, त्यांचं काय ऐकता, मी सही करतो, तुम्ही करून टाका.” अशा वेळी नोंद साधारण अशी पडावी:

“ताप आहे, साखर ३८०. रुग्ण शुद्धीवर; आजार, सल्ला व धोका स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो. पाय काढण्याचा सल्ला दिला. पर्याय: फक्त सडका भाग काढणं व अँटिबायोटिक, यात जंतुसंसर्ग रक्तात पसरून मृत्यूचा धोका मोठा, हे मराठीत समजावलं. रुग्णाचे शब्द: ‘पाय गेला तर शेतात जाता येणार नाही.’ पाय काढण्यास नकार, डिब्राइडमेंटला (सडका भाग काढण्याला) संमती. मुलाची सही घेतलेली नाही, रुग्ण सज्ञान व सक्षम. व्हॅस्क्युलर सर्जनला फोन रात्री ८.४०. जयपूर फूटबद्दल उद्या सकाळी पुन्हा बोलणार. साक्षीदार: सिस्टर.”

या नोंदीत पहिल्या तिन्ही पद्धती आल्या. धोक्यांची तुलना परिणामवादाची, मुलाची सही न घेणं कर्तव्यवादाचं, उद्या परत बोलणं समंजस डॉक्टरचं. नकार म्हणजे बोलणं संपलं असं नाही; गँगरीनमध्ये पहिला नकार बरेचदा भीतीचा असतो.

इथे एक गोष्ट हमखास राहते. रात्री जंतुसंसर्ग वाढून रुग्ण भ्रमात गेला की मुलाची सही चालेल, म्हणून तोवर थांबायचा मोह होतो. ती नुसती पळवाट आहे. शुद्धीत असतानाच विचारा: “तुमची शुद्ध हरपली आणि जीव वाचवायला पाय काढावा लागला, तर काढू का?” उत्तर जे येईल ते त्याच्याच शब्दांत, वेळ घालून लिहा.

संमतीपत्र

छापील अर्जावर ‘कोणत्याही प्रकारच्या उपचारास संमती’ असं असेल तर तो अर्ज बाजूला ठेवा. समीरा कोहली निकालाप्रमाणे रुग्णाला पाच गोष्टी कळायला हव्यात: उपचार काय आणि कसा, कशासाठी व त्याचा फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल. लाखात एखाद्याला होणाऱ्या दुर्मीळ गुंतागुंतींची यादी वाचून दाखवण्याची सक्ती नाही.

निदानाची संमती उपचाराला चालत नाही. ऑपरेशनमध्ये काही सापडलं तर लगेच काढायचं, असा विचार आधीच असेल, तर तसं स्पष्ट लिहून एकत्र संमती घेता येते: “गाठ संशयास्पद दिसल्यास डावा बीजकोश काढण्यास संमती आहे / नाही.” नको ते रुग्णानेच खोडावं.

‘हाय रिस्क कन्सेंट’ नावाचा कागद जवळपास प्रत्येक नर्सिंग होममध्ये असतो. नातेवाईकाकडून लिहून घेतात: “जिवाचं बरंवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत.” या वाक्याला काडीची किंमत नाही. निष्काळजीपणाची जबाबदारी अशी लिहून टाळता येत नाही, आणि आयोगासमोर ते वाक्य उलट वाईट दिसतं. त्याऐवजी नेमका धोका लिहा: हृदयाची पंपिंग क्षमता ३० टक्के, भुलेत हृदय बंद पडण्याचा धोका, इथे व्हेंटिलेटर आहे किंवा नाही.

संमती ऑपरेशन टेबलवर, प्रीमेडिकेशन (भुलेआधीचं गुंगीचं औषध) दिल्यावर घेऊ नका. नियोजित ऑपरेशनची आदल्या दिवशी घ्या, तारखेबरोबर वेळ घाला आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने स्वतः बोलावं. सिस्टरने सही घेतली, डॉक्टर रुग्णाला थेट थिएटरमध्येच भेटले, हे उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत बाहेर येतं. सज्ञान रुग्ण सही करू शकत नसेल तर अंगठा आणि रुग्णालयाबाहेरचा एक साक्षीदार. जिवावर बेतलं असेल आणि संमती देणारं कोणी नसेल, तर उपचार सुरू करा. शक्य असल्यास दुसऱ्या डॉक्टरची सही घेऊन तातडीचं कारण लिहा. तातडीचा उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे परमानंद कटारा खटल्यापासून (१९८९) ठरलेलं आहे. पोलीस केस आहे म्हणून थांबायचं नाही.

चूक दुसऱ्याची, जबाबदारी तुमची

“भूलतज्ज्ञ आमच्या पगारावर नव्हते” हा बचाव रुग्णालयाला सहसा तारत नाही. सविता गर्ग खटल्यात (२००४) न्यायालयाने सांगितलं की रुग्ण रुग्णालयाकडे आलेला असतो; डॉक्टर पगारी की व्हिजिटिंग हा त्याचा प्रश्न नाही. स्प्रिंग मेडोज खटल्यात (१९९८) नर्सने दिलेल्या चुकीच्या इंजेक्शनने मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि भरपाई रुग्णालयावर बसली. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये १९६३ साली नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरलं. तिथे नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे सिद्ध करायची गरज पडली नाही. मॉप आत राहणं हेच पुरेसं बोलकं होतं. म्हणून पोट बंद करण्याआधी मॉपची मोजणी मोठ्याने, दोघांनी, आणि आकडा ऑपरेशनच्या नोंदीत.

रात्रीच्या आरएमओची (निवासी डॉक्टरची) पदवी कोणती आणि त्याने स्वतःच्या अधिकारात काय लिहावं, हे लेखी ठरवा. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली हाच निष्काळजीपणा, असं पूनम वर्मा खटल्यात (१९९६) ठरलं. फोनवर दिलेली ऑर्डर कोणी, किती वाजता दिली ते लिहा, आणि ऑर्डर देणाऱ्याने सकाळी राउंडला तिच्यावर सही करावी.

अघटित घडल्यावर

इथे नीती आणि विमा एकमेकांना भिडतात. प्रामाणिकपणा म्हणतो, घरच्यांना खरं सांगा. विमा पॉलिसी म्हणते, आमच्या लेखी परवानगीविना जबाबदारी कबूल करू नका. मार्ग असा: जे घडलं ते सांगा, कोणाची चूक यावर निवाडा देऊ नका. “ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा झाली, आम्हाला फार वाईट वाटतं, आता मोठ्या केंद्रात हलवणं गरजेचं आहे” एवढं बिनधास्त बोला. हे सिनियर डॉक्टरने, बसून, पहिल्या तासाभरात सांगावं. लपवाछपवी झाली असं नातेवाईकांना वाटलं की तडजोडीचं दार बंद होतं.

पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स मेड’ धर्तीची असते: दावा आला त्या दिवशी ती चालू हवी आणि घटना तिच्या रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरची, म्हणजे जिथपासून संरक्षण मोजतात त्या तारखेनंतरची हवी. नूतनीकरण चुकलं की ही तारीख पुढे सरकते आणि आधीची वर्षं उघडी पडतात. डॉक्टरची पॉलिसी वेगळी, रुग्णालयाची वेगळी, दोन्ही लागतात. कोलकात्याच्या २०१३ च्या प्रकरणात सुमारे ६ कोटी रुपयांची भरपाई ठरली. त्यात दोन डॉक्टरांवर १० लाख, एकावर ५ लाख आणि बाकी सगळी रुग्णालयावर होती.

नोंद चुकली तर एका रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाइटनर कधीच नाही. राहिलेली नोंद नंतर करायची तर ‘उशिराची नोंद’ असं लिहून आजची खरी वेळ घाला. मागाहून घुसवलेली ओळ सापडली तर चांगली केसही हातची जाते.

कागद मागितले, नोटीस आली

डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायची आणि मागणी आल्यावर ७२ तासांत प्रती द्यायच्या. (२०२३ ची नवी नियमावली त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाली.) तीन वर्षं हा किमान आकडा समजा; अज्ञान (१८ वर्षांखालच्या) रुग्णाची फाइल तो सज्ञान होऊन निदान ३ वर्षं होईपर्यंत ठेवा. मूळ कागद हातचे सोडू नका, प्रत देताना पोच घ्या. बिल थकलंय म्हणून प्रती अडवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्यातून तक्रारीत एक मुद्दा फुकट वाढतो.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने पक्कं केलं. काही रुग्णांकडून फी घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार घेतलेल्यांनाही तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. २०१९ च्या कायद्यात आयोगाची हद्द मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या बिलावर ठरते; ५० लाखांपर्यंतचं बिल जिल्हा आयोगाकडे. त्यामुळे दीड लाखाच्या बिलावर दोन कोटींचा दावाही जिल्ह्यातच येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीचं शुल्कही नाही.

आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह हाती पडली की ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं. आयोग फार तर १५ दिवस वाढवू शकतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ४५ दिवसांपुढे एक दिवसही मिळणार नाही. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा, पाकीट फाइलला लावा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. वकिलाला पूर्ण फाइलची प्रत द्या, आपल्याला अडचणीची वाटणारी पानंही. त्याच विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञाचं मत पहिल्या १५ दिवसांत मागवा; त्याला तुमची बाजू समजावत बसू नका, कागद द्या आणि लेखी मत घ्या. ते मत विरोधात गेलं, तर तडजोडीचं बोलणं लेखी म्हणणं दाखल करण्याआधी, विमा कंपनीला बरोबर घेऊन सुरू करा.