आधी फट, मग अक्षर

एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला भूमितीच्या जोडीनं अक्षरलेखन असतं, त्यामुळे आठवीतली मुलं अक्षर म्हटलं की पट्टीच काढतात. मी पहिले तीन तास पट्टी फक्त ओळी आखायला देते.

शाई तर नाहीच. पहिल्या वर्षी हौसेनं चाळीस पोरांच्या हातात बोरू आणि दौत दिली होती. पांढऱ्या शर्टांबद्दल पालक काय बोलले ते इथे नको.

दोन पेन्सिली रबरबँडनं दोन ठिकाणी घट्ट बांधा. टोकांमध्ये साधारण ७ मिमी अंतर पडतं. हाच आपला बोरू. जोडी ४५ अंशांच्या आसपास तिरकी धरायची, दोन्ही टोकं एकदम टेकवायची आणि वळण घेताना मनगट फिरवायचं नाही. जाड-बारीक आपोआप येतं. पाठकोऱ्या कागदावर ४ सेंमी उंचीची ओळ आखा. वर मात्रा-वेलांटीला २ आणि खाली उकाराला २ सेंमी सोडा. ही जागा विसरली की 'कु'चा उकार पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसतो.

पहिला तास नुसत्या उभ्या, तिरक्या, वाटोळ्या रेघा. दुसऱ्या तासाला अक्षरं, पण अ-आ-इ क्रमानं नाही. जुने गुरुजी ग म भ न पासून सुरू करायचे, ते उगाच नव्हे. 'व' जमला की पोटात रेघ मारून 'ब', बाहेर शेपूट काढून 'क'. 'प'वरून तसेच 'ष' आणि 'फ'. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा हवा, म्हणजे मराठी वळणाचा. शासनाच्या २००९च्या निर्णयातही तेच रूप आहे.

तिसरा तास सगळ्यात महत्त्वाचा. शब्द द्या 'गारवा'. एका मुलीनं प्रत्येक दोन रेघांत पट्टीनं मोजून सारखं अंतर ठेवलं. 'गा'च्या उभ्या काठ्यांचं कुंपण झालं आणि 'र' बिचारा मोकळ्या मैदानात एकटा उभा. "बाई, मी बरोबर मोजलंय!" मोजलं बरोबरच होतं. मी कागद उलटा धरला. शब्द वाचता येईना, तशा फटी दिसायला लागल्या. म्हणून अक्षरं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर काढून घ्या, ओळीवर सरकवा, डोळे किलकिले करून बघा, फटींतला पांढरा सारखा वाटला की चिकटवा. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. ती आधी मारली की अक्षर हलवायची सोय संपली.

आता कल्पकता. 'पाऊस' दिला की थेंब गळणार, 'झाड'ला पानं फुटणार. मी थेंब, पानं, डोळे तिन्हींना बंदी घालते. शब्द द्यायचे 'जड', 'घाई', 'आळस'. जे सांगायचं ते रेघेच्या जाडीतून, उंचीतून, फटीतून. एका पोरानं 'आळस'ची शिरोरेषा कपड्याच्या दोरीसारखी मध्ये झोळ देऊन सोडली आणि 'ळ' त्या झोळात आडवा टाकला. वर्ग आधी हसला, मग निम्म्यांनी आपले कागद उलटून नव्यानं सुरुवात केली. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची शीर्षकं याच वेळी दाखवा, आधी नको. आधी दाखवली की सगळे त्यांचीच नक्कल करतात.

घरचा अभ्यास एकच: गावातली हातानं रंगवलेली एक पाटी शोधून तिच्यातलं एक अक्षर उतरवून आणायचं. फ्लेक्स चालणार नाही.

आणि तास संपताना रबरबँड मोजून परत घ्या. ते मधल्या सुट्टीत कशाला वापरतात, हे माझ्या मानेला ठाऊक आहे.